घेरी येते, पण दोष कानाचा!

मैत्रिणींनो, 'चक्कर येते' एवढ्या दोन शब्दांत आपण कितीतरी दुखणी कोंबतो. एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी चक्कर. अशक्तपणाने हातपाय गळाले, तरी चक्कर. आणि सारी खोली भिंगरीसारखी गरगर फिरू लागली, तरी चक्करच! ही शेवटची खरी घेरी. पित्त झालं म्हणून आपण कोकम सरबत घेतो, पण तिचं मूळ पुष्कळदा कानात असतं.

आतल्या कानात तोल सांभाळणारा एक भाग असतो. तिथली खबर एक नस मेंदूला पोचवते. कधी कधी, बहुधा विषाणूंमुळे, एका बाजूच्या नसेला सूज येते. दोन कानांच्या खबरा जुळेनाशा झाल्या, की मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय!

ही घेरी अचानक येते आणि एक-दोन दिवस तरी सतत राहते. उलट्या होतात, चालताना तोल एका बाजूला जातो. ऐकू मात्र पूर्वीसारखंच येतं. कुशीवर वळताना काही सेकंदच घेरी येत असेल, तर तो आजार निराळा. त्यात कानातले सूक्ष्म खडे जागचे हललेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक रीतीने वळवून ते जागी आणतात.

मात्र घेरीबरोबर बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, डोकं भयंकर दुखलं किंवा आधाराशिवाय उभंच राहवेना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय नकोत. १०८ क्रमांकाला फोन करा. अचानक ऐकू येईनासं झालं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घोडपदेवच्या भगिनींना भायखळ्याचं जे. जे. आणि परळचं के. ई. एम. ही दोन्ही रुग्णालयं जवळ आहेत.

नसेचीच सूज ठरली, तर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्या, पाणी घोटघोट प्या. डॉक्टर उलटी-घेरीच्या गोळ्या देतात, काहींना स्टेरॉइडही. पण घेरीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. त्यांनी मेंदूचं सावरणं लांबतं.

घरची मंडळी मायेने म्हणतात, "महिनाभर हलू नकोस." इथेच चुकतं! हालचालीतूनच मेंदू नव्याने तोल शिकतो. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी यासाठी व्यायाम बसवले. डॉक्टरांना विचारून सोपा प्रकार करा: खुर्चीत बसून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर त्यावरच ठेवून मान हळूहळू डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. मिनिटभर, दिवसातून तीनदा. थोडं गरगरेल, घाबरू नका. पुढे भिंतीच्या आधाराने चाला.

तोवर स्टुलावर चढून फळीवरचे डबे काढणं, उकळतं पातेलं उतरवणं दुसऱ्या कुणाकडे सोपवा. चाळीचा जिना कठडा धरून, सोबतीनेच उतरा. बहुतेकींना काही आठवड्यांत बरं वाटतं.

आणि हो, डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीवर लिहून न्या: घेरी केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने वाढते, ऐकू नीट येतं का. नुसतं 'चक्कर येते' म्हणून थांबू नका!