पोटमाळ्याचे खूळ

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघर माळे उपसले जातात. त्या माळ्यांशी माझे भांडण नाही. फराळाचे डबे नि आकाशकंदिलांचे सांगाडे तिथे सुखाने नांदोत. माझे भांडण आहे ते जुन्या कॉलेजांच्या पोटात शिरलेल्या पोटमाळ्याशी.

मी शिकलो त्या कॉलेजात एक व्यायामशाळा होती. दगडी भिंती, वर सागवानी कैच्या, आणि मधल्या तुळईला टांगलेला दोर. त्या दोरावर मी मल्लखांब शिकलो आणि पुष्कळदा आपटलोही. गेल्या वर्षी सहज डोकावलो, तो निम्म्या उंचीवर लोखंडी तुळया टाकून मजला घातलेला! वर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, खाली पट्ट्यावर जागच्या जागी धावणारी मुले. दोराची चौकशी केली, तेव्हा एक सुविद्य गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढी उंची वायाच जात होती की!"

वाया? पुरलेला मल्लखांबच जमिनीवर साडेआठ फूट असतो. त्याच्या माथ्यावर पोरगे हात उंचावून उभे राहिले की १५ फुटांचा हिशेब झाला. दोराला तर त्याहून अधिक हवी. व्यायामशाळेतली उंची ही तालमीच्या मातीइतकीच गरजेची. ती काढून घ्यायची आणि वर फलक तोच ठेवायचा, याला काय म्हणावे?

चित्रकाराचेही तसेच. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. स्वतःच्या इमारतीत ती गेली १८७८ साली. त्या आवारात १८६५ साली किपलिंग जन्मला, हे कोणीही सांगतो. तिथल्या उंच चित्रशाळा नि उत्तरेचा उजेड यांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. दक्षिणेचे ऊन तासातासाला सरकते. समोर बसलेल्या माणसाच्या नाकाची सावली सकाळी एका गालावर, तर दुपारी दुसऱ्या. उत्तरेचा उजेड बराचसा स्थिर. (मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही उत्तरेला असतो खरा, पण त्यातले बरेच दिवस ढगच छत्री धरतात!) आणि हा उजेड खोलीत दूरवर पोचवायचा, तर खिडकीचा माथा उंच हवा. मध्ये फळ्या ठोकल्या की वरच्याला खिडकीचे डोके मिळते, खालच्याला पाय, आणि दोघेही भर दिवसा दिवे लावून बसतात.

याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. बोरीबंदर स्थानकाच्या नक्षीकामालाही याच शाळेचे हात लागले. असली कामे जोखायला दहा पावले मागे सरावे लागते, मान वर करावी लागते. बुटक्या खोलीत वाढलेला हात बुटकेच काम करील, अशी मला भीती वाटते. ती अतिशयोक्त वाटली तर खुशाल हसा.

जागेची टंचाई मलाही कळते. मुले वाढली, वर्ग वाढले, कागद तर त्याहून वाढले. पण गठ्ठे ठेवायला दहा फुटी खोली पुरते आणि ती कुठेही बांधता येते. सागवानी कैच्यांचे दालन आज कोण बांधून देणार? शिवाय गरम हवा वर जाते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. छत खाली आणायचे, मग उकडते म्हणून थंड हवेची यंत्रे बसवायची, आणि मग विजेच्या बिलापायी फी वाढवायची. या काटकसरीपुढे मी हात टेकले.

निघताना त्या गृहस्थांच्या परवानगीने मी वर जाऊन आलो. गठ्ठ्यांच्या वर, हात पोचेल एवढ्या अंतरावर, मधल्या तुळईची लोखंडी कडी अजून शाबूत आहे; हलवून पाहिली, जराही डुगडुगत नाही. तो मजला नटबोल्टांवर उभा आहे, हेही मी पाहून ठेवले आहे. कॉलेजने तो उतरवावा. दोर मी आणून देतो.