स्क्रूज, कायोटी की स्पाइक? अमेरिकेतल्या उजव्यांची भांडणं समजून घ्या कार्टूनच्या मदतीने

डिसेंबर २०२४. डोनाल्ड ट्रम्प निवडणूक जिंकून दोन महिनेही झाले नव्हते, शपथविधी अजून व्हायचा होता आणि ऐन नाताळात त्यांच्या समर्थकांची आपापसातच जुंपली.

निमित्त होतं चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची एआय सल्लागार म्हणून झालेली निवड. कट्टर ट्रम्प समर्थक लॉरा लूमर यांनी त्यावर टीका केली आणि वाद थेट एच-१बी व्हिसावर गेला. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी परदेशी इंजिनिअर्सच्या बाजूने उभे राहिले, तर स्टीव्ह बॅनन यांनी या व्हिसाविरोधात आघाडी उघडली.

सगळे एकाच बाजूचे, एकाच नेत्याला मानणारे. मग भांडण कशाचं?

कारण 'अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणजे एकजिनसी गट नाही. ते मोठं एकत्र कुटुंब आहे. बाहेरून घर एक, आत चुली वेगळ्या. या चुली ओळखायच्या तर आपल्या लहानपणीची कार्टून्स कामाला येतात.

आधी हे घर बांधलं कोणी?

१९५५ मध्ये विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केलं. कमी कर मागणारे, धर्म आणि कुटुंब जपू पाहणारे आणि सोव्हिएत रशियाला विरोध करणारे असे तीन वेगवेगळे लोक या नियतकालिकाभोवती जमले. रोनाल्ड रेगन यांनी १९८० मध्ये याच तिघांच्या जोरावर निवडणूक जिंकली. तिघांना बांधून ठेवणारी गोष्ट होती समोरचा शत्रू. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि घरातली भांडी वाजायला लागली.

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

१. अंकल स्क्रूज: कर कमी करा

नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा हा बदक १९४७ मध्ये कार्ल बार्क्स यांनी कॉमिकमध्ये आणला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो दूरदर्शनवर हिंदीतून भेटला.

या गटाचं म्हणणं सरळ आहे. कमावणाऱ्याच्या हातात पैसा राहू द्या, तो गुंतवेल, रोजगार वाढेल. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांची संस्था १९८६ पासून उमेदवारांकडून 'कर वाढवणार नाही' अशी लेखी शपथ घेते. रेगन यांच्या काळात आयकराचा सर्वात वरचा दर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला.

गोची कुठे होते? खरा स्क्रूज खर्चालाही कात्री लावतो. इथे कर कापले जातात, खर्च मात्र तितका कापला जात नाही. २०२५ च्या 'वन बिग ब्युटिफुल बिल'मुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा अंदाज अमेरिकी संसदेच्याच बजेट कार्यालयाने दिला. तिजोरीचा तळ दिसतोय, पोहणं मात्र चालू आहे.

२. फ्रेड फ्लिंटस्टोन: घर, धर्म, परंपरा

'द फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्ये आलं. त्यातली गंमत आठवा. काळ अश्मयुगाचा, पण नवरा कामावर जातो, बायको घर सांभाळते, दारात गाडी (दगडाची), शेजारी मित्र. म्हणजे त्या काळचं अमेरिकी उपनगरातलं घर उचलून थेट अश्मयुगात ठेवलेलं!

धार्मिक उजव्यांवर नेमका हाच आक्षेप घेतला जातो: विसाव्या शतकाच्या मध्यातलं कुटुंब त्यांना अनादिकाळापासून चालत आलेलं वाटतं. त्यांची बाजू अशी की कुटुंब आणि चर्च मोडलं तर माणसाला सावरायला सरकार पुरं पडत नाही.

या गटाची चिकाटी दांडगी. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली आणि २४ जून २०२२ रोजी कोर्टाने तो जुना निकाल रद्द केला. जवळपास अर्धशतकाची लढाई जिंकली. पण सहा आठवड्यांतच कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढायला नकार दिला. कोर्ट जिंकलं म्हणजे शेजारीपाजारी जिंकले असं होत नाही.

३. कायोटी: योजना एकदम फुलप्रूफ

१९४९ पासून हा कोल्ह्यासारखा प्राणी रोडरनरच्या मागे धावतोय. दरवेळी नवा नकाशा, 'अ‍ॅक्मे' कंपनीचं नवं यंत्र आणि शेवटी दरी.

हे नवरूढिवादी, म्हणजे निओकॉन. आयर्व्हिंग क्रिस्टल यांच्यासारखे त्यांचे अनेक विचारवंत आधी डाव्या गोटात होते. अमेरिकेने ताकद वापरली नाही तर जगातली पोकळी हुकूमशहा भरतील, हा त्यांचा मुद्दा. तो पोकळ नाही. पण मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो ज्या महासंहारक अस्त्रांच्या नावाने, ती सापडलीच नाहीत. खाली दरी आहे हे खाली बघेपर्यंत कळलं नाही.

फरक एवढाच की कायोटी पुढच्या भागात धडधाकट उभा असतो. इराकमध्ये सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि त्याहून कितीतरी पट जास्त इराकी नागरिक मेले.

४. जेरी: माझ्या बिळात हात घालू नका

जेरीची मागणी काय? बिळात शांतपणे राहू द्या. लिबर्टेरियन मंडळींचंही तेच. कर नको, युद्ध नको, पाळत नको, सरकारची लुडबुड नको.

हा गट छोटा, पण बोलतो तसं वागण्यात पुढे. टेक्ससचे रॉन पॉल रिपब्लिकन असूनही इराक युद्धाच्या ठरावाविरोधात उभे राहिले. केंटकीचे थॉमस मॅसी यांनी २०२५ मध्ये कर्ज वाढेल म्हणून ट्रम्प यांच्या लाडक्या विधेयकाविरोधात मत दिलं आणि त्यांचा रोष ओढवून घेतला.

टीकाकार एकच प्रश्न विचारतात: बीळ तुझं, मान्य. पण चीज कोणाच्या फ्रिजमधलं? रस्ते, कोर्ट, पोलीस हे सगळं कुठल्यातरी करातूनच येतं.

५. स्पाइक: हे अंगण आमचं आहे

'टॉम अँड जेरी'तला बुलडॉग. त्याला जगाशी देणंघेणं नाही. त्याचं अंगण, त्याचं पिल्लू, बस्स.

हे 'अमेरिका फर्स्ट'वाले. पॅट बुकॅनन यांनी १९९२ मध्ये स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांना, थोरल्या बुश यांना आव्हान दिलं. परदेशी माल रोखा, स्थलांतर रोखा, परक्यांच्या युद्धात पडू नका, हा त्यांचा सूर होता. ते हरले. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये तोच सूर लावला आणि जिंकले. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांत हा राग उगाच पेटला नव्हता. स्क्रूजने काम चीनला पाठवलं आणि कायोटीने याच गावांतली पोरं इराकला पाठवली.

पण स्पाइकची खोड माहीत आहे ना? खोडी एकाची, मार दुसऱ्याला. टॅरिफ लावलं जातं परदेशी मालावर, पण ते भरतो अमेरिकेतला आयातदार आणि पुढे बऱ्याचदा तिथला ग्राहक.

दाराबाहेर राहिलेले

'फ्लिंटस्टोन्स'च्या शेवटी मांजर फ्रेडलाच घराबाहेर काढतं आणि तो दार बडवत बसतो. ट्रम्पविरोधी रिपब्लिकनांचं तसंच झालं. लिझ चेनी यांचे वडील उपराष्ट्राध्यक्ष होते, त्या स्वतः पक्षाच्या संसदेतल्या वरिष्ठ नेत्या. ६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्यानंतर त्या ट्रम्प यांच्याविरोधात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच मोठ्या फरकाने हरल्या.

मग ट्रम्प कोण?

यातलं कोणीच नाही. त्यांच्या हातात रिमोट आहे. करकपात केली तेव्हा स्क्रूज खूश. कोर्टात न्यायाधीश नेमले तेव्हा फ्रेड खूश. टॅरिफ लावलं तेव्हा स्पाइक. आणि जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा अचानक कायोटीचा चॅनल लागला. त्या हल्ल्याच्या तोंडावर टकर कार्लसन आणि सिनेटर टेड क्रूझ हे दोन 'आपलेच' लोक कॅमेऱ्यासमोर एकमेकांवर ओरडत होते.

आपल्याला याचं काय?

पुन्हा एच-१बीकडे येऊ. स्क्रूजला हुशार माणसं हवीत. जेरी म्हणतो, कंपनी आणि कामगार बघून घेतील, सरकार मध्ये कशाला? स्पाइकला अंगणाचं फाटक बंद हवं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले, हा व्हिसा चांगला आहे. स्क्रूज जिंकला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ८८ लाख रुपये. स्पाइक जिंकला.

मंजूर होणाऱ्या दर दहा एच-१बी व्हिसांपैकी सुमारे सात भारतात जन्मलेल्यांना मिळतात. त्यामुळे त्या दोन दिवसांत सुट्टीवर घरी आलेल्या अनेकांनी परतीच्या तिकिटांसाठी धावपळ केली. शुल्क जुन्या व्हिसाधारकांना नाही, फक्त नव्या अर्जांना आहे, हे सरकारने नंतर स्पष्ट केलं. पण हिंजवडीतून अमेरिकेला जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलाचं गणित बदललं ते बदललंच.

ही सगळी व्यंगचित्रं आहेत, त्यामुळे थोडी अतिशयोक्ती आलीच. खऱ्या मतदाराच्या डोक्यात यातले दोन-तीन जण एकाच वेळी राहतात. रविवारी तो फ्रेड असतो, पगाराच्या दिवशी स्क्रूज. डाव्यांचंही असंच एक कार्टून चॅनल सहज निघेल.

पण 'रिपब्लिकनांनी ठरवलं' अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: त्यातल्या कोणी? उत्तर स्क्रूज असेल तर व्हिसाची रांग पुढे सरकेल. स्पाइक असेल तर फाटकावर पाटी दिसेल.