यंत्राआधी पाण्याचा अहवाल

अहिल्यानगर जिल्ह्यात बिअर आणि पाणी हे दोन शब्द एकत्र आले की जायकवाडीचा वाद उभा राहतो. मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांतून पाणी खाली जायकवाडी धरणात सोडायचे आणि त्यातले काही मद्याच्या कारखान्यांकडे वळायचे, हा इथल्या शेतकऱ्याचा जुना सल आहे. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्य उद्योगांचे पाणी कापावे लागले होते. त्या वादात आज शिरायचे नाही. पण बिअर करणाऱ्यांकडे पाणी ओळखण्याची एक शिस्त असते आणि ती आपल्या स्वयंपाकघरात यायला हवी, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही आणि ती करा, असे आम्ही सुचवतही नाही. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरापुरती मुभा दिली आणि तिथे हा छंद रुजला. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यामुळे हे छांदिष्ट आधी आपल्या नगरपालिकेचा पाणी अहवाल मिळवतात. कॅल्शियम किती, सल्फेट किती, बायकार्बोनेट किती हे पाहतात आणि मगच काय काढायचे, काय घालायचे ते ठरवतात. चेक देशातील पिल्सनचे पाणी अतिशय हलके, म्हणून तिथली बिअर फिकी आणि सौम्य. इंग्लंडमधील बर्टनचे पाणी जिप्समने भरलेले, म्हणून तिथली बिअर कडसर आणि कोरडी. चोपण जमीन सुधारण्यासाठी आपले शेतकरी जे जिप्सम टाकतात, तेच हे जिप्सम. हलके पाणी मिळालेला बिअरवाला ते चिमटीने मोजून घालतो.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी पाणी शुद्ध करणारे यंत्र येते, पाण्याची चौकशी नंतर, तीही क्वचित. दारात आलेला विक्रेता नळाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होते आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. तो रंग पाण्यातल्या विषाचा नसतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. विक्रेत्याच्या हातातला टीडीएस मीटरही फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्याला ना जंतू दिसतात, ना नायट्रेट वेगळे ओळखता येते.

अहिल्यानगर शहराला पाणी मिळते ते मुळा धरणाचे, विळदमार्गे वसंत टेकडीवर येणारे. धरणाच्या पाण्यात क्षारांचा प्रश्न सहसा नसतो. त्याचे दुखणे पावसाळ्यातला गढूळपणा आणि जुन्या वाहिन्यांच्या गळतीतून आत शिरणारी घाण हे असते. अशा पाण्याला घरात आरओ लावणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणे आणि एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणे. वर्षानुवर्षे टँकर पाहिलेल्या जिल्ह्याने हे सहज करावे, याचे वाईट वाटते. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते.

नळाच्या पाण्याबद्दलची दुसरी तक्रार क्लोरीनच्या वासाची. तो वास बिअरवाल्यालाही नको असतो, कारण क्लोरीन धान्यातील घटकांशी मिळून औषधासारखी चव देते. पाणी उकळले, रात्रभर उघड्या भांड्यात ठेवले किंवा कोळशाच्या फिल्टरमधून काढले की मोकळे क्लोरीन जाते. पण इथे आपण एक फरक लक्षात घ्यावा. बिअरवाला क्लोरीन काढून लगेच पाणी उकळतो. आपण पाणी साठवतो, दिवसाआड नळ येणाऱ्या घरात तर साठवावेच लागते. भारतीय मानकानुसार नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते, ते या साठवणीच्या काळातली राखण म्हणून. म्हणून क्लोरीन टाकीत घालवू नये, पिण्याआधी हंड्यापुरते घालवावे. कोळशाच्या कांडीतही, क्लोरीन संपले की जंतू वाढू शकतात. ती वेळेवर बदलली नाही तर फिल्टरच घाण करतो. गावात पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतानाही क्रम चुकून चालत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा, मग टीसीएल, कारण गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो.

विहिरी आणि बोअरचे गणित अगदी वेगळे आहे. आपला काळा पाषाण बेसाल्टचा. त्यातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहावर तवंग धरतो, हिटरवर पांढरा थर बसतो: घरातली बाई हा अहवाल प्रयोगशाळेच्या आधी देते. मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. हा जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटमुळे आलेला उकळल्यावर भांड्याच्या तळाला पांढरा होऊन बसतो, वरचे पाणी निवळून घेतले की काम होते. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला कितीही उकळा, जात नाही. बंगल्यांत बसवले जाणारे सॉफ्टनर कॅल्शियम काढतात खरे, पण त्या जागी सोडियम सोडतात. न्हाणीघराला ते ठीक. बिअरवाले असे पाणी टाळतात आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरात तर ते पिण्यासाठी नकोच.

सर्वात जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट चवीला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. बागायती पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. मर्यादा ४५ मिलिग्रॅमची आहे आणि तिला सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. असे पाणी उकळणारी आई बाळाचे भले करू पाहते, पण पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. कोळसा, तुरटी, टीसीएल, कशानेच ते जात नाही. इथे आरओ खरोखर लागतो, किंवा वरच्या पाण्याची योजना लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हिवरे बाजार या गावाने किती पाणी आहे याचा ताळेबंद गावासमोर मांडून दाखवला. कसे पाणी आहे याचाही ताळेबंद प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि महापालिकेच्या पाणीपट्टीच्या बिलावर छापला जावा: जडपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड, शिल्लक क्लोरीन. साधने नाहीत, असे म्हणायला जागा नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना चाचणी संच हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे, जलसुरक्षक शिल्लक क्लोरीनची ओटी चाचणी करतो आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. आकडे तयार होतात, ते घरापर्यंत पोहोचत नाहीत.

तोपर्यंत ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी वर्षातून दोनदा नमुना द्यावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर, कारण एकाच बोअरचे पाणी या दोन वेळी वेगळे निघते. रासायनिक तपासणीला लिटरभर पाणी स्वच्छ कॅनमध्ये चालते. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणावी, नळ काही वेळ वाहू द्यावा, मग ती भरावी आणि थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी.