बांगड्या खनकत नाहीत

हल्ली मालिकांतून बांगड्या ‘खनकतात’. हिंदीत खुशाल खनकोत. मराठीत काचेच्या बांगड्या किणकिणतात. संस्कृतात किंकिणी म्हणजे छोटी घंटा. तसाच हा आवाज, बारीक आणि स्वच्छ. खणखणतो तो रुपया, आणि खिशातली चिल्लर खुळखुळते. बांगड्या खणखणल्या तर घरात भांडण आहे असे समजावे! रुणझुण तरी फक्त पैंजणांची कुठे आहे? ज्ञानेश्वरांनी ‘रुणुझुणु’ म्हटले ते भ्रमराला. त्यात गुंजारव आहे. माझी आई पहाटे चुलीपाशी वावरू लागली की तिच्या हिरव्या बांगड्यांवरून अंथरुणातच कळे, आज ती खुशीत आहे की रागात. त्या किणकिणीला ‘खनक’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.