उवा, लिखा आणि लेकींचा स्वाभिमान

वसतिगृहातील एखाद्या मुलीच्या डोक्यात ऊ सापडली की तिचे अंथरूण वेगळे होते आणि सुटीत घरी गेल्यावर तिचे केस कापले जातात. आपल्या समाजाने वेगळे बसण्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. निदान आपल्या घरांत व शाळांत तरी हे घडू नये.

ऊ स्वच्छ केसांतही राहते. ती उडत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. गणेशपुरीच्या गरम कुंडांत कितीही न्हाले तरी ती केस सोडत नाही. लीख तर केसाला घट्ट चिकटलेली असते आणि सात ते दहा दिवसांत तिच्यातून नवी ऊ निघते. म्हणूनच एकदाच केलेला उपाय व्यर्थ ठरतो.

ओल्या केसांना तेल लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे हे करावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. रॉकेल वा शेतातील कीटकनाशक डोक्याला कदापि लावू नये. औषध डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छतेचा आणि मुलांच्या शिक्षणाचा उपदेश केला. त्या स्वच्छतेमागे स्वाभिमान होता. मुलीला लाजवून ती साधणार नाही. पालकहो, लेक सुटीत घरी आली की फणी घेऊन तिच्या मागे बसा, वडिलांनीही बसावे.