पदकानंतरची शर्यत

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके जिंकून नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या वल्गनांना मैदानावरच उत्तर दिले. त्यानंतरचा युरोपातील प्रदर्शनी दौरा त्याने अर्धवट सोडताच अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने त्याला निलंबित केले. वयाच्या २२ व्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. वर्षअखेरीस हवाना येथे तो पैशांसाठी घोड्याशी शर्यत धावला.

याला दैव म्हणून मोकळे होता येणार नाही. हौशीपणाच्या नियमाचे अर्थशास्त्रच असे होते, की तिकिटांचे उत्पन्न संघटनेला, कीर्ती राष्ट्राला आणि झीज तेवढी खेळाडूला. वेग हे धावपटूचे एकमेव भांडवल. ते तिशीनंतर ओसरू लागते. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ओवेन्सला स्वातंत्र्यपदक मिळाले ते १९७६ साली, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी.

हौशीपणाचा तो नियम आता इतिहासजमा झाला आहे; परंतु सरावापायी शिक्षण सोडणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न शिल्लकच आहे. सत्कार हा उपजीविकेला पर्याय नव्हे. शिक्षण, नोकरी व निवृत्तिवेतन यांची तजवीज खेळाडू धावत असतानाच व्हावयास हवी.