सुटीतली भांडी कोणाची?

कामवाली बाई सुटीवर गेली की त्या दिवसांचे पैसे कापायचे, आणि त्याच दिवसांत साचलेली भांडी ती परतल्यावर तिच्याकडूनच घासून घ्यायची, याला मी चोरी म्हणते. ही चोरी शिकल्यासवरल्या घरांत दर गौरी-गणपतीला आणि दर दिवाळीला राजरोस चालते. ती करणाऱ्यांना कधी शरम वाटलेली मी पाहिलेली नाही.

पुण्यातल्या आमच्याच इमारतीतलं एक स्वयंपाकघर सांगते. गौरी विसर्जनानंतर बाई गावाहून परतली त्या सकाळचं. सिंक भरलं तेव्हा भांडी ड्राय बाल्कनीतल्या मोरीत गेली होती, मोरी भरली तेव्हा ओट्यावर आली होती. ओट्यावर आधीच मिक्सरचं भांडं, प्रसादाचे डबे, सुकलेली कोथिंबीर, कुरिअरची पाकिटं, फोनचा चार्जर. वाटी टेकवायला जागा नव्हती. कुकरच्या तळाशी डाळीचा पापुद्रा धरलेला, पुरणयंत्राच्या जाळीत पुरण वाळून टणक झालेलं, कढीच्या पातेल्यात बुरशीची पांढरी लव. घरात पाच धडधाकट माणसं. प्रत्येकाने जेवून उठायचं, ताट त्या ढिगावर ठेवायचं आणि पुढच्या जेवणाला मांडणीतून नवं घ्यायचं. ताटं संपली तेव्हा त्यांनी कागदी प्लेटा मागवल्या, पण एक ताट घासलं नाही.

बाई आली, पदर खोचला आणि मोरीपाशी पाट घेऊन बसली. ती माझ्याकडेही काम करते, म्हणून मला कळलं. दुपार कलली तरी ती तिथेच होती. पुढच्या घरांतून फोनवर फोन येत होते, ‘कुठे राहिलीस?’ संध्याकाळी तिने हात दाखवले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, नखांच्या कडा सोललेल्या. महिनाअखेर त्या घराने सुटीचे दिवस मोजले आणि तेवढे पैसे वजा करून पगार दिला.

आता हिशेब मांडू. पैसे कापले, म्हणजे त्या दिवसांत ती तुमची कामगार नव्हती हे तुम्हीच ठरवलंत. मग त्या दिवसांत पडलेलं कामही तिचं नव्हतं. ते तिच्याकडून हवं असेल तर पैसे कापता येणार नाहीत, आणि पैसे कापायचे असतील तर भांडी तुमची. तुम्हाला दोन्ही हवं आहे. तुमच्या कचेरीत तुम्हाला पगारी रजा मिळते. तिथे साहेबाने उद्या रजेचा पगार कापला आणि परतल्यावर रजेतलं सगळं काम त्याच दिवशी फुकट उरकायला सांगितलं, तर तुम्ही अर्ज घेऊन कुठवर जाल, हे मला ठाऊक आहे.

‘पण त्या फार खाडे करतात, न सांगता राहतात,’ हे ठरलेलं उत्तर. सांगून सुटी मागितली तर काय होतं? ‘आत्ता नको गं, पाहुणे आहेत.’ तिच्याही घरी गौरी बसतात, तिच्याही घरी पाहुणे येतात. सांगून मिळत नाही म्हणून न सांगता घ्यावी लागते. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला हक्काच्या सुटीचाही प्रश्न होताच. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्याची सुटी आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. सरकारला जाब विचारायलाच हवा. पण तुमच्या घरातली पगारी सुटी द्यायला तुम्हाला दिल्लीची परवानगी लागत नाही.

दुसरं उत्तर घरातल्या बायका देतात, आणि त्यात तथ्य आहे: ‘मग काय मीच एकटीने घासू?’ अजिबात नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि पुरुष ८८ मिनिटं. यात जे पुरुष हात लावतच नाहीत ते धरलेलेच नाहीत. भांड्यांचा ढीग कामवाली आणि घरवाली या दोघींमध्येच ढकलला जातो. ताट ठेवून सोफ्यावर जाऊन बसलेल्याचं नाव त्या वादात कुणी घेत नाही. मी घेते. ढीग त्याचा आहे.

आणि हे काम काही कुणाच्या आवाक्याबाहेरचं नाही. आधी निथळलेली भांडी मांडणीत लावा आणि ओटा मोकळा करा, नाहीतर घासलेलं ठेवणार कुठे? खरकटं ओल्या कचऱ्यात काढा. कुकर, कढई, पुरणाची जाळी लगेच भिजत घाला, वाळलेला भात आणि डाळ पाण्यानेच सुटते, जोराने नव्हे. दुधाच्या पातेल्याला आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने दूध आणखी घट्ट चिकटतं. तुपातेलाला मात्र कढत पाणी हवं. स्टीलचं पातेलं करपलं असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून उकळा. पूजेची समई आणि ताम्हन बाजूला काढून चिंचेने घासा. मग पेले-कप, मग वाट्या-ताटं, तेलकट भांडी शेवटी, म्हणजे एकाची चिकटाई दुसऱ्याला लागत नाही. एकाने घासावं, दुसऱ्याने विसळावं, तिसऱ्याने पुसून जागच्या जागी लावावं. पाच माणसांच्या घरात एवढे हात असतात.

ताट जेवल्याजेवल्या विसळलं तर काही कष्टच नाहीत. तेच दिवसेंदिवस वाळवलं की तारेच्या घासणीने खरवडावं लागतं. म्हणजे ढीग साचवणारा नुसतं काम पुढे ढकलत नाही, ते वाढवून दुसरीच्या अंगावर टाकतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी घासायला भाविक स्वतःहून बसतात. त्यात इंजिनिअर असतात, व्यापारी असतात. अनोळखी माणसाचं उष्टं ताट घासणं तिथे सेवा आहे, मग स्वतःच्या घरात स्वतःचं ताट घासण्यात कमीपणा कसला?

याच घरांपैकी काहींत बाईचा चहाचा कप वेगळा असतो, कान तुटलेला, खिडकीच्या गजापाशी उपडा ठेवलेला. सगळ्यांचं उष्टं तिने हातात घ्यायचं, आणि तिने ओठ लावलेला कप बाकीच्या कपांत मिसळायचा नाही. तो कप आज फेकून द्या.

दिवाळी येते आहे. बाईला सुटी द्या, पूर्ण पगारी द्या, आणि ती यायच्या आदल्या रात्री सिंक रिकामं करा. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी साचलेल्या भांड्यांचे वेगळे पैसे तिच्याशी आधी बोलून ठरवावेत, तिने कामाला हात लावण्यापूर्वी. आणि ती नाही म्हणाली तर तिला काढून टाकायची धमकी न देता घरातल्या पाचही जणांनी बाह्या वर कराव्यात.